बुरूज कुणी पाडला

सातारच्या माणसाला किल्ला म्हणजे काय हे शिकवायला जाऊ नये. माझं माहेर आणि सासर दोन्ही तिकडचं. परसदारी भांडी घासताना मान वर केली की अजिंक्यतारा दिसायचा. किल्ला म्हणजे डोंगर, चढताना लागलेली धाप आणि वर पोचल्यावर सोडलेलं भाकरीचं फडकं, अशी आमची सरळ समजूत. त्यामुळे सानपाड्याला राहायला आल्यावर शेजारीण म्हणाली, "इकडे पण एक किल्ला आहे, खाडीच्या बाजूला," तेव्हा मी तिच्या तोंडावर हसले नाही इतकंच. सपाट जमिनीवर किल्ला! मग आमच्या सोसायटीलाही किल्लाच म्हणायला हवं. भिंत आहे, गेट आहे, झोपणारा वॉचमन आहे.

पुढे कितीतरी वर्षं मी तो बघितला नाही. नवऱ्यानेही नाही. (समोर मी त्याला अहो-जाहो करते, आमच्याकडची रीतच तशी. पण लिहिताना ते मला जमत नाही, म्हणून कागदावर तो 'तो'च राहील. त्याची परवानगी घेतली आहे.) तो तळोज्याला एका केमिकल कंपनीत मेंटेनन्सला होता. पंप, व्हॉल्व्ह, पाइप, टाक्या. कुठे काय गळतंय, कुठे काय गंजतंय, कशाच्या आधाराने काय उभं आहे, हे बघत हिंडायचं हे त्याचं काम. सकाळी कंपनीची बस, संध्याकाळी कंपनीची बस आणि अंगाला तो वास, जो कुठल्याही साबणाने कधी गेला नाही.

निवृत्तीला थोडे दिवस उरले असताना कंपनी बंद पडली. सगळ्यांचे पैसे मिळाले, त्याबद्दल तक्रार नाही. पण नंतर एकदा जुन्या मित्राबरोबर तो गेटपर्यंत गेला, तर आत गॅस कटर चालू होते. ज्या टाक्यांतून त्याने जन्मभर थेंब बाहेर पडू दिला नाही, त्या कापून ट्रकात भरत होते. घरी येऊन ताटावर बसला आणि म्हणाला, "एक बी वस्तू उभी ऱ्हायली न्हाय गं. मी सांभाळलेली."

"मी हाय की उभी," मी म्हणाले.

तो हसला. पण भात तसाच टाकून उठला. भात टाकणारा माणूस तो नव्हे.

पुढचे काही महिने घरात जे झालं ते निवृत्त माणसांच्या सगळ्या बायकांना माहीत आहे. गॅसची शेगडी खोलली. फ्लशची टाकी खोलली. शेजारच्यांचा चांगला चालणारा पंखा काढून बसला. शेवटी डॉक्टरांनी रक्तदाब तपासून फिरायला जा म्हणून सांगितलं आणि मी देवापुढे साखर ठेवली. एका सकाळी तो बसमध्ये बसला, उतरायचं तिथे उतरला नाही, आणि दुपारी परत आला तो चपलांना खाडीचा चिखल लावून.

"किल्ला बघितला," म्हणाला.

"कसाय?"

"हाय म्हनायचं."

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेला. तिसऱ्या दिवशीही. आठवड्याभरात मला वाटायला लागलं की बाईबिईची भानगड असती तर निदान कपडे तरी स्वच्छ राहिले असते. म्हणून एकदा मीही बरोबर गेले.

आता किल्ल्याबद्दल सांगते, कारण तिथे जाऊनही किल्ला दिसत नाही अशी त्याची अवस्था होती. एका बाजूला टॉवर, दुसऱ्या बाजूला तिवरांचं रान, मधे वाटेवर प्लास्टिक आणि फुटलेल्या बाटल्या. तटबंदी नावाला. कमान नाही, दरवाजा नाही. उरला होता एक बुरूज. खाडीच्या तोंडावर, दोन मजले उंच, काळ्या दगडाचा, आणि त्याला चिकटून थोडीशी भिंत. बुरुजावर ऑइलपेंटने प्रेमवीरांची नावं. आणि माथ्यावरून खालपर्यंत उतरलेला पिंपळ. त्याच्या मुळ्या दगडांवर अशा पसरल्या होत्या की कुठे दगड संपतो आणि कुठे मुळी सुरू होते ते कळू नये. खाडीवरून वारा आला की पानांची सळसळ व्हायची, आणि मला, खरं सांगते, त्या सगळ्या उकिरड्यात तेवढंच आवडलं.

किल्ल्याचा इतिहास मला नवऱ्यामुळे पाठ झाला. संध्याकाळी चहाला तोच विषय. सिद्दीने बांधला असं म्हणतात. मग पोर्तुगीज आले, त्यांनी तट वाढवला, तोफा आणल्या. मग मराठ्यांनी घेतला. मग इंग्रज साहेब आला आणि त्याने मुद्दाम थोडाथोडा पाडून ठेवला, पुन्हा कुणी आत बसून माजू नये म्हणून. पण पाडतानासुद्धा त्याने हा एक बुरूज राहू दिला. का, ते कुठेच लिहिलेलं नाही. खाली गाव होतं, आगरी-कोळ्यांचं, खाडीकाठी ताडाच्या रांगा. होड्यांतून ताडीची मडकी जायची. नवऱ्याचं ठाम मत असं की इतके धनी बदलले ते तोफांमुळे नाही. वेढा घालायला आलेले आणि आत बसलेले, दोघेही संध्याकाळी खालच्या गावातच यायचे, आणि जो सकाळी आधी उठला त्याचा किल्ला. कुठल्या पुस्तकात हे वाचलं म्हणून मी विचारलं, तर म्हणाला, "पुस्तकात कशाला पायजे? मानसं बघून कळतं की." ताडांपैकी आता चार-दोन उरलेत. गावाचं नाव आता सेक्टरच्या आकड्याखाली गेलंय. पण ताडी-माडी केंद्र अजून आहे, त्याला कुणी हात लावलेला नाही.

दिवाळीत सोसायटीतली मुलं पोती आणि माती आणून किल्ला करतात. तो दरवर्षी त्यांच्यात जाऊन बसायचा. त्या वर्षी म्हणाला, "यंदा आपला खाडीवाला करू." मुलं म्हणाली, "काका, तो फ्लॅट आहे, मजा नाही येणार." मग रायगडच झाला, नेहमीप्रमाणे. तो वर येऊन म्हणाला, "त्यास्नी बी नको तो." तेव्हा मला कळलं की हा नुसता फिरायला जात नाही. त्याने तो बुरूज मनाने आपला केला होता. टाक्या गेल्या, कंपनी गेली. आपण सांभाळलेलं एक तरी मागे उभं राहावं एवढीच त्याची इच्छा होती, आणि ती त्याने मला एकदा सरळ बोलूनही दाखवली. "मी मेल्यावर पोरगी कुनाला तरी दाखवंल, हे माझ्या बापानं सांभाळलं." आमची मुलगी लग्न करून बंगळूरला आहे. तिला किल्ल्यांचं काडीइतकं वेड नाही. पण मी हो म्हणाले.

बुरूज कलला होता. फार नाही, पण ज्याने जन्मभर टाक्या बघितल्या त्याच्या नजरेला ते लगेच दिसलं. दगडांमधे फटी होत्या आणि फटींतून पिंपळ. त्याने अर्ज केले. एका कार्यालयाने सांगितलं जागा आमची नाही. दुसऱ्याने सांगितलं जागा आमची आहे, बांधकाम आमचं नाही. तिसऱ्यात एक साहेब भेटले, चांगले होते बिचारे, चहा पाजला आणि म्हणाले, "काका, टेन्शन घेऊ नका. इतकी वर्षं उभा आहे ना?" उंटावरून शेळ्या हाकणं म्हणजे काय ते त्या खुर्च्यांवर बघायला मिळालं.

मग त्याला ती मंडळी भेटली. दर रविवारी कुठल्या ना कुठल्या गडावर जाऊन झाडू मारणारी, भगवे टी-शर्ट घालणारी. त्यांचा पुढारी आयटीत नोकरी करायचा. पस्तिशीचा, दाढी राखलेला, पायापासून आवाजापर्यंत उत्साह. मला काकू म्हणत आत आला तो थेट स्वयंपाकघरात. मी अशांना एरवी दोन हात लांब ठेवते, पण नवऱ्याचा चेहरा इतका उजळला होता की मी पोहे केले. वाईट माणसं नव्हती ती. हे मला आधीच लिहून ठेवायचं आहे, कारण पुढचं वाचून कुणालाही तसं वाटेल. रविवारची झोप मोडून लोकांच्या बाटल्या उचलायला कोण येतं?

ते आले आणि तीन-चार रविवारांत तिथली जागा ओळखू येईना. कचरा गेला. काटेरी झुडपं गेली. प्रेमवीरांची नावं घासून काढली. बुरुजावर भगवा लागला. मग एका रविवारी सगळे बुरुजाच्या पायथ्याशी बसले असताना पुढारी वर बघत म्हणाला, "आता हा एकच शत्रू उरला." तो पिंपळाबद्दल बोलत होता.

आणि हे काही त्याच्या मनचं नव्हतं. गडावर जाणाऱ्या कुठल्याही माणसाला विचारा. झाड भिंतीत शिरतं, मुळी जाड होते, दगड सुटतो, तट ढासळतो. आम्ही सगळ्यांनी असे तट बघितलेले. नवऱ्याने मान डोलावली. तोच म्हणाला, "मुळासकट काढाय पायजे. वरनं तोडून उपेग न्हाय, पुन्हा फुटतंय."

मी विरोध केला. पण त्याचं श्रेय मला घेता येणार नाही, कारण माझं कारण अगदीच बावळट होतं. आमच्याकडे पिंपळ तोडत नाहीत. पिंपळावर मुंजा असतो. माझ्या आजोळी एकाने विहिरीतला पिंपळ तोडला आणि वर्षात त्याच्या घरी काय काय झालं ते मी लहानपणी इतक्या वेळा ऐकलं होतं की ते माझ्या हाडात आहे. मी भर सगळ्यांत म्हणाले, "पिंपळाला हात लावू नका." पोरं हसली. नवरा म्हणाला, "ही भुताला भेती. मला भेत न्हाय, पर भुताला भेती." त्यावर मीही हसले. वाद संपला.

तरी रीत म्हणून त्यांनी सगळं केलं. आदल्या दिवशी नवऱ्याने स्वतः जाऊन बुंध्याला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, "दुसरीकडं जागा करून घ्या" म्हणून हात जोडले. एक रोप आणून थोड्या अंतरावर लावलं. जिथे आपण काही उपटतो तिथे दुसरं लावलं की हिशेब मिटला अशी आपली समजूत असते. ते रोप शेळीने खाल्लं.

तोडायला दिवस गेला. दोर, कुऱ्हाडी, पहारी. मी झुणका-भाकर घेऊन गेले होते. माणसं बुरुजावर चढून, मुळी मोकळी करून, दोराने ओढत होती. एकेक मुळी दगडांच्या फटीतून ओढून निघताना कुरकुर आवाज यायचा, आणि ती बाहेर पडली की सगळे जयजयकार करायचे. शेवटची मोठी मुळी माझ्या नवऱ्याने काढली. तो मान त्यांनी मुद्दाम त्याला दिला. घामाने निथळत होता, पांढऱ्या केसांत चुना, आणि तोंडावर असं हसू की मला तो आमच्या लग्नाच्या वरातीतला वाटला. बुरूज मोकळा झाला. मधली कितीतरी वर्षं पुसून टाकावीत तसा तो काळाभोर आणि स्वच्छ दिसत होता. सगळ्यांनी फोटो काढले. आमच्या मुलीनेही तिकडून फोन करून बाबांचं कौतुक केलं. त्या रात्री तो गाढ झोपला आणि मी, मुंज्याला मनातल्या मनात सॉरी म्हणून, त्याच्यासारखीच.

पुढच्या उन्हाळ्यात त्याच्या लक्षात आलं. रविवारची मंडळी तोवर पुढच्या गडावर गेली होती. 'मोठ्या' गडावर, सह्याद्रीत, जिथे फोटोत ढग येतात. हा मात्र रोज जात होता. एका दुपारी घरी आला, हात धुतले नाहीत, ओट्याशी आला आणि मला तळवा दाखवला. पांढरी पूड होती, मैद्यासारखी.

"बुरजातनं येतंय," म्हणाला. "जिथनं मुळ्या काढल्या तिथनं. हात घातला तर खांद्यापातुर आत गेला."

मी म्हणाले, "मग?"

तो खाली बसला. ओट्याला टेकून, फरशीवर. आणि मला समजावून सांगायला लागला, जसा तो कंपनीतलं समजावायचा, शांतपणे, एकेक पायरी. बुरूज बाहेरून दगडाचा असतो. आत भर असते, दगडगोटे आणि चुना. आतला चुना कधीच मेला होता. पाणी मुरून मुरून त्याचं पीठ झालं होतं. साहेबाने पाडापाडी केली तेव्हाच बहुतेक सगळं हललं असेल. तरी बुरूज उभा होता, कारण पिंपळ आत गेला आणि जिथे जिथे पोकळ होतं तिथे तिथे भरून बसला.

"झाड भिंत फोडत हुतं, ही खरी गोष्ट हाय," तो म्हणाला. "पर फोडलेलं धरून बी तेच हुतं. आनि आपन ते उपसून काढलं."

"आपन न्हाय, त्या पोरांनी," मी म्हणाले.

"पोरास्नी काय कळतंय? ती कीबोर्ड बडवनारी. मला कळाय पायजे हुतं. काय कशानं उभं हाय ते बघायचं, ह्याचाच पगार खाल्ला मी."

त्यानंतर त्याला थांबवणं माझ्या हातात नव्हतं. चुन्याची पोती आणली. गूळ, बेलफळ, जुने गवंडी काय काय मिसळायचे त्याची चौकशी केली. आमच्या बाल्कनीत चुना भिजत पडला. कपडे वाळत घालायला जागा नाही. डबे भरून तो बसने न्यायचा आणि भोकं भरायचा. कंडक्टरने एकदा उतरवलं, मग रिक्षा. मीही जायचे, डबा धरायला. आणि हे आठवडाभर चाललं नाही तोच तिथे एक माणूस आला, गळ्यात ओळखपत्र घातलेला, आणि म्हणाला, "आजोबा, हे बंद करा. पुरातन वास्तू आहे. परवानगीशिवाय काही लावता येत नाही."

मी गप्प बसणारी नाही. मी म्हणाले, "एवढं झाड तोडलं तेव्हा कुठं होतात? दिवसभर जयजयकार चालला होता."

"ती साफसफाई होती, मॅडम. हे बांधकाम झालं."

तो माणूस उद्धट नव्हता. नियम खरंच तसा असेल. म्हणजे पाडायला परवानगी लागत नाही, सावरायला लागते. ती परवानगी मागायला आम्ही पुन्हा त्याच तीन कार्यालयांत गेलो. मागच्या वेळी चहा पाजणारे साहेब बदलून गेले होते. नवीन साहेबांनी चहाही विचारला नाही.

नवऱ्याने पुढाऱ्याला फोन केला. त्याने ऐकून घेतलं, आणि मनापासून म्हणाला, "काका, तुम्ही उगाच मनाला लावून घेताय. झाडामुळे बुरूज टिकतो असं कुठे असतं का? उलट आपण वाचवलाय त्याला." मग त्याने एक संवर्धनातला जाणकार आणायचं कबूल केलं. तो जाणकार दोन-तीनदा येतो येतो म्हणाला, आणि आला नाही.

मग वाट बघणं तेवढं उरलं. कसली वाट बघतोय ते आम्हाला दोघांना माहीत होतं आणि बोलत कुणीच नव्हतं. माझ्या नात्यात एक बाई कॅन्सरने गेली, तिच्या घरी असंच वातावरण होतं. तो सकाळी जाऊन बुरुजाकडे बघून यायचा. आत हात घालणं बंद केलं. नुसता पायथ्याशी बसायचा. चिखलात पूड पडायची, भरतीचं पाणी ती धुऊन न्यायचं. गावातली एक म्हातारी रस्त्यावर ताडगोळे विकायला बसते, ती आम्हाला रोज बघायची. एकदा मला म्हणाली, "कशाला येतंस गो रोज उन्हातान्हात? काय हाय तिथं? आमचं आगर गेलं, मिठाची जमीन गेली, तवा कोन नाय आला बसाला." मी तिच्याकडून डझनभर ताडगोळे घेतले. दुसरं काय बोलणार? तिचं खरंच होतं.

पावसाळा सगळा गेला. बुरूज उभा. गणपती गेले, दसरा गेला. नवऱ्याच्या चालण्यात जरा हुशारी आली. तो म्हणायलाही लागला, "कदाचित बसला आसंल पक्का." मला माहीत होतं की त्याला हे खरं वाटत नाही, आणि त्यालाही माहीत होतं की मला माहीत आहे. दिवाळी झाल्यावर, छान कोरड्या हवेत, ना पाऊस ना वादळ, आम्ही सकाळी बसमधून उतरून नेहमीच्या वळणावर आलो तर समोर थेट खाडी दिसली. आधी ती तिथून दिसत नसे. बुरूज नव्हता. दगडांचा ढीग होता, अर्धा चिखलात, अर्धा पाण्यात, आणि ढिगावर दोन शेळ्या चढून उभ्या होत्या. ताडगोळेवालीने सांगितलं की पहाटे झाला थोडा आवाज, तिला वाटलं ट्रकने खडी टाकली.

नवरा ढिगावर चढला. शेळ्यांना हाकललं. मग एक दगड उचलून दुसऱ्यावर नीट बसवायला लागला. तो बसेना. मी त्याचा दंड धरून त्याला घरी आणलं.

पुढच्याच रविवारी सभा झाली. रविवारची मंडळी आली, यावेळी दुप्पट. छोटा मांडव, स्पीकर, आणि मोठा फ्लेक्स. फ्लेक्सवर बुरुजाचा फोटो, तोच, पिंपळ काढल्या दिवशीचा, चकचकीत. फोटोला हार. खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली'. पुढारी बोलताना खरंच रडला. प्रशासनाची अनास्था, काळाचा घाला, समाजाचं दुर्लक्ष. ऐकताना मलासुद्धा क्षणभर तसंच वाटलं. मग शाल-श्रीफळ. या किल्ल्याचा शेवटचा किल्लेदार म्हणून माझ्या नवऱ्याचा सत्कार. त्याने शाल घेतली, नारळ घेतला आणि कधी नव्हे ते माइक मागितला.

तो आयुष्यात कधी माइकवर बोललेला नाही. दोन्ही हातांनी धरला होता. म्हणाला, "ह्यो बुरूज पावसानं पाडला न्हाय. सरकारनं बी पाडला न्हाय. मी पाडला. त्या झाडानं तो धरला हुता आनि ते झाड मी काढलं. शेवटची मुळी माझ्या हातची हाय. साहेबानं सुद्धा जे ठिवलं हुतं ते मी पाडलं. एवढं लिहून ठिवा."

मला वाटलं, झालं, सुटला एकदाचा. आणि मग मागून कुणीतरी टाळी वाजवली. मग शेजारच्याने. मग सगळा मांडव. पुढाऱ्याने येऊन त्याला मिठी मारली आणि माइक घेतला. "याला म्हणतात मोठं मन! चूक आपल्या सगळ्यांची, आणि काका ती एकट्याच्या अंगावर घेतायत. मित्रांनो, असा माणूस आज शोधून सापडणार नाही." नवरा म्हणत होता, "तसं न्हाय, आरं ऐका की, तसं न्हाय," पण माइक त्याच्याकडे नव्हता आणि घोषणा सुरू झाल्या होत्या. बायका येऊन त्याच्या पाया पडल्या. फोटो निघाले. जिथे बुरूज होता तिथे आता पाटी लावायची ठरली, तिच्यावरचा मजकूर त्यांनी तिथेच वाचून दाखवला. सिद्दी, पोर्तुगीज, मराठे, इंग्रज, सगळे होते. शेवटी लिहिलं होतं, 'काळाच्या ओघात बुरूज ढासळला.' ती पाटी आता लागली आहे. मी बघितलेली नाही, शेजारणीने सांगितलं.

घरी आल्यावर तो चपला न काढता हॉलमधे खुर्चीवर बसला, शाल मांडीवर, नारळ हातात. फोन सारखा वाजत होता. कौतुकाचे मेसेज. मुलीचा फोन आला, मी घेतला. ती म्हणाली, "बाबांना सांग, त्यांनी जे केलं ते चांगल्याच हेतूने केलं. तो तसाही पडणारच होता." मी त्याला तेच सांगायला वळले. माझ्याकडे आणखीही होतं. बुरुजाचं वय झालं होतं. आज ना उद्या पडलाच असता. तुम्ही एकट्यानेच तोडलं का झाड? यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं.

त्याने मला बोलू दिलं नाही. "तू तर तिथं हुतीस," म्हणाला. "पयल्यापासनं हुतीस. तू सांग. मी पाडला का न्हाय?"

मी त्याच्याकडे बघितलं. ओढलेला चेहरा, शाल अजून घडीची. आणि मला कळलं की आता मीही टाळी वाजवली तर या माणसाला जायला कुठे जागा उरणार नाही.

"व्हय," मी म्हणाले. "तुमीच पाडला."

त्याने मान हलवली. "हां," म्हणाला. मग चपला काढल्या, पाय खुर्चीवर घेतले आणि रडायला लागला. अशा वेळी बायकोने काय करायचं असतं ते मला माहीत आहे. पाठीवरून हात फिरवायचा, असू दे म्हणायचं. मी ते केलं नाही. तो रडायचा थांबेपर्यंत मी त्याच्यासमोर बसून राहिले, आणि एकदाही म्हणाले नाही की तुमची चूक नव्हती.